‘आधी’ची बाई

गुडघ्याच्या डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि ताईकडे न बघताच सांगितलं, "आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बोलू. एवढ्या वजनाखाली नवा सांधा बसवणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं." खालच्या मजल्यावर त्याच हॉस्पिटलचा वजनाचा विभाग आहे, तिथे दाखवून घ्या, असंही तो म्हणाला. ताईने मान हलवली. तिथे जायचं अर्थातच नव्हतं. अनोळखी माणसासमोर काट्यावर कोण चढणार? सख्खी धाकटी बहीण नावाजलेल्या वजनाच्या क्लिनिकमध्ये स्वागताच्या टेबलावर बसते आणि आपण परक्याच्या दारात जाऊन उभं राहायचं? कुठल्याही दवाखान्यात जाताना आपण आजाराआधी ओळख शोधतो. ताई काही जगावेगळी नव्हती.

पण आता जाणं भाग होतं. ताई फ्रेमच्या दुकानात कामाला. लोक फोटो, चित्रं, पदव्या घेऊन येतात, ती पट्टी कापते, कोपरे जुळवते, काच बसवते, मागून पुठ्ठा ठोकते. काच कापायची तर टेबलावर वाकून, सगळा भार पायांवर घेऊन एका दमात कापावी लागते. बसून कापली की काच रुसते, भलतीकडेच तडकते. दोन महिन्यांत ताईने बऱ्याच काचा रुसवल्या होत्या. मालक तसा भला माणूस, पण भल्या माणसालाही दुकान चालवायचं असतं. तो म्हणाला, "ताई, बसून करण्यासारखं काम माझ्याकडे एकच आहे, आणि त्या खुर्चीवर मी बसतो." सगळे हसले, ताईही हसली. घरी येऊन गरम पाण्यात पाय बुडवून बसली तेव्हा कळलं की ती नोटीस होती.

हसण्यात ताई कधी मागे नसायची. जाड माणसाला चारचौघांत जगायचं तर स्वतःवरचा पहिला विनोद स्वतःच करावा लागतो, नाहीतर दुसरा करतो आणि त्याचा जास्त लागतो. धाकटी आणि ती, दोघी एका साच्यातल्या. तेच नाक, तेच ओठ, नाकाच्या डाव्या बाजूचा तीळसुद्धा तोच. ताई पाहुण्यांना सांगायची, "एकच छाप आहे, माझ्या वेळी शाई जरा जास्त सांडली." धाकटी काडीसारखी. पाहुणे हसायचे, धाकटी सगळ्यात जास्त हसायची.

आणि हीच धाकटी गेलं वर्षभर म्हणत होती, "आमच्याकडे नको गं ताई. आमचं फार कडक असतं, तुला झेपायचं नाही." ताईने विषय काढला की हिला दुसऱ्या खोलीत काहीतरी आठवायचं. ताईला वाटायचं, लाजते. चार लोकांत ही माझी बहीण म्हणायला लाजते. आता ते गिळून कुणीतरी पहिलं पाऊल उचलायला हवं होतं. धाकटीला न सांगता ताईने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि क्लिनिकचा जिना एकेक पायरी, कठड्याला धरून, चढली. वजनाचं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बहुतेक उपचार तिथूनच सुरू होत असावेत.

टेबल रिकामं होतं. "मॅडम आत पेशंट बघतायत, टेबलावरची मास्कवाली बाई जेवायला गेलीय," दाराजवळच्या माणसाने सांगितलं. तो टॅक्सी चालवायचा. पोट मांडीवर ठेवून ऐसपैस बसला होता, म्हणजे दोन खुर्च्यांवर बसला होता, कारण खुर्च्या हातांच्या आणि अरुंद. वजनाच्या क्लिनिकमध्ये असल्या खुर्च्या आणणाऱ्या माणसाला एकदा त्यातल्याच एका खुर्चीत कोंबायला हवं. ताईने बाकड्याचं टोक पकडलं. शेजारी लग्न ठरलेली एक मुलगी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती.

"पहिल्यांदाच आलात?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"हो. गुडघ्यासाठी."

"माझ्या पोटाने आता हॉर्न वाजतो. वळण घेतलं की आपोआप. गिऱ्हाईक दचकतं."

"बरंय की," ताई म्हणाली, "एक हात मोकळा राहतो."

मुलगी हसली. मग समोरच्या भिंतीकडे बोट करून म्हणाली, "काकू, मी ना रोज या बाईंकडे बघून आत जाते. मला म्हणजे एकदम बळ येतं. कुठे होत्या, कुठे पोचल्या बघा."

समोर एकच मोठी फ्रेम होती. पण फ्रेमच्या दुकानातल्या माणसाला एक खोड लागते. इतरांना भिंतीवर चित्र दिसतं, त्याला कोपरे दिसतात. आधी सांधा, मग काच, मग जमलं तर चित्र. ताईला दिसलं की डावीकडचा खालचा कोपरा उघडा आहे. दोन पट्ट्यांमध्ये नख जाईल एवढी फट. कुण्या गाढवाने कापलाय हा, तिच्या मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं, ते जास्त झोंबलं. हिची सख्खी बहीण शहरात फ्रेमा करते आणि हिच्या क्लिनिकची फ्रेम दुसऱ्याच दुकानातून, तीही अशी? एका शब्दाने सांगितलं असतं तर तिने मापात बसवून, स्वतः आणून टांगली असती. बहिणीची लाज तर लाज, तिच्या कामाचीही लाज का?

बराच वेळ ती त्या फटीकडे बघत बसली. त्यातून तिचं डोकं बाहेर येईना. शेवटी उठली. कोपरा अंगठ्याने दाबून बघावा, खिळा तरी धड मारलाय का ते कळेल, म्हणून भिंतीजवळ गेली, वाकली, अंगठा कोपऱ्यावर ठेवला. तेव्हा अंगठ्याच्या वर, काचेखाली, तिला एक हिरवं कापड दिसलं. कापडाच्या काठावर त्रिकोणी डाग. इस्त्रीने जळलेला.

तो डाग तिने स्वतः पाडला होता. फोन घ्यायला गेली आणि इस्त्री गाऊनवर तशीच राहिली.

ती हळूहळू वर बघत गेली. गाऊनखाली दोन सुजलेले पाय, गरम पाण्याची निळी बादली. स्टुलावरून उठताना एक हात गुडघ्यावर. आणि चेहरा. गुडघ्यात कळ आल्यावर माणूस जसा दिसतो तसा, ओठ आवळलेला, डोळे बारीक केलेला. नाकाच्या डाव्या बाजूला तीळ. फोटो काळपट करून टाकला होता, जणू ताईच्या स्वयंपाकघरात कधी उजाडलंच नव्हतं. वर लिहिलं होतं, ‘आधी’.

शेजारी ‘नंतर’. लख्ख उजेड, तोच चेहरा, तोच तीळ, अंगात तोच हिरवा गाऊन, आणि हाताने तो कमरेपासून ताणून दाखवलेला, आत दुसरी बाई मावेल एवढा. धाकटी. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली होती, "ताई, तुझा तो जळका गाऊन दे ना, घराला रंग लावायचाय." ताईने धुऊन, घडी घालून दिला होता.

खाली अक्षरं होती. एक गृहिणी. आयुष्याला कंटाळली होती. एकशे अठरा किलोंवरून एकसष्ट.

ताईचा अंगठा कोपऱ्यावरच राहिला. तिला तेवढ्यात वाटलं की आपण भिंतीला धरलं नसून भिंतीने आपल्याला धरलंय. पहिला विचार काय यावा? तर, मी सत्त्याण्णव किलो आहे. वर एकवीस किलो चढवून टांगलंय. आणि गृहिणी. वीस वर्षं काच कापून हाताला घट्टे पडले, आणि गृहिणी.

"छान आहे ना?" मागून मुलगी म्हणाली.

"ही मी आहे," ताई म्हणाली.

मुलीने फोटोकडे बघितलं, ताईकडे बघितलं. टॅक्सीवालाही उठला, जवळ आला, तीळ मोजल्यासारखा बघत राहिला.

"आयला, खरंच की. त्याच आहेत."

मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे काकू... तुमचं परत वाढलं?"

ताई तिच्याकडे वळली.

"एवढं सगळं उतरवून परत तिथेच? किती दिवसांत वाढलं?" मुलीने बाटली छातीशी धरली. "गोळ्या बंद केल्यात का तुम्ही?"

"वाढलं नाही. कमीच झालं नव्हतं. ती दुसरी मी नाही, ती माझी बहीण आहे. ती जन्मापासून तशीच आहे."

टॅक्सीवाला पुन्हा फोटोकडे वळला. आणि नेमकी तेव्हाच धाकटी जेवणाचा डबा हातात घेऊन, मास्क हनुवटीखाली उतरवून दारात आली. ताई भिंतीपाशी, अंगठा फ्रेमवर. धाकटीने आधी ताईला बघितलं, मग फ्रेमला, मग जमिनीला.

"ताई, तू फोन नाही केलास?"

"गाऊन कुठाय माझा?" ताईने विचारलं. का हेच विचारलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

आतलं दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. पांढरा कोट, वर नाजूक चष्मा. त्यांना दोन चेहरे एकाच वेळी समोर दिसले आणि त्या क्षणात सगळं समजल्या. अशी माणसं पटकन समजतात, म्हणूनच त्यांचं चालतं. "आत या ना, आपण बोलू," त्या एवढ्या गोड आवाजात म्हणाल्या की टॅक्सीवालाही आत जायला निघाला. त्याला बसवावं लागलं.

आत धाकटी दाराला टेकून उभी राहिली. डबा अजून हातातच.

"बोल," ताई म्हणाली.

"नवीन क्लिनिक होतं गं. भिंत रिकामी होती. मॅडम म्हणाल्या, एखाद्या पेशंटचा फोटो बघा. उतरलेला पेशंट तेव्हा एकही नव्हता. माझ्या मोबाईलमध्ये तुझा होता." ती थांबली. "तुला कधी वाईट वाटत नाही ना वजनाचं. तूच तर सगळ्यांना हसवतेस. मला वाटलं, कळलं तरी हसशील."

आपलेच दात, आपलेच ओठ; चावा कोणी घेतला म्हणून कुणाकडे दाद मागायची? त्या दिवशी पाच-सहा फोटो काढले होते धाकटीने. बाकीच्यांत ताई हसत होती. तिने नेमका कळ आलेला निवडला होता.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "ते चित्र म्हणजे एक उदाहरण. सगळीकडे असंच असतं. पण तुम्ही आज आलात हे किती चांगलं झालं. तुमचा उपचार मी स्वतः करते. जातीने. तुम्ही उतरलात की तेच चित्र खरं होईल. मग तर तक्रारच नाही."

आणि खरं सांगायचं तर ताईचं मन तिथे डळमळलं. राग होता, पण गुडघाही होता. गुडघ्याला राग कळत नाही, त्याला जिना कळतो. समोर डॉक्टर होती, जातीने बघते म्हणत होती, आणि परवा काचेच्या टेबलाशी उभं राहायचं होतं.

"आणि नाही उतरले तर?" तिने विचारलं.

मॅडम हसल्या. "भिंतीवर तर उतरलेल्याच आहात."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. बाईने तिच्या पायाकडे अजून एकदाही पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात वजनकाटा होता, त्यावर कागदांचा गठ्ठा ठेवला होता. या बाईला माझं वजन माहीत नाही, ताईच्या ध्यानात आलं. विचारलंसुद्धा नाही. हिला ते लागतच नाही, हिच्याकडे एकशे अठरा आहेत.

ती उठली. बाहेर गेली, फ्रेम हुकावरून काढली, बाकड्यावर पालथी ठेवली. खिळे बारीक आणि मोजून चार. चांगल्या फ्रेमला याच्या दुप्पट लागतात. पर्समधल्या चावीने तिने ते एकेक वाकवले, पुठ्ठा उचलला. फोटो दोन वेगळे होते, मध्ये चिकटपट्टी. तिने स्वतःचा सोडवून घेतला. धाकटीचा होता तसा ठेवला, पुठ्ठा लावला, खिळे दाबले, फ्रेम परत टांगली, मागे सरून तिरकी नाही ना ते बघितलं. कामाची सवय, दुसरं काय. आता भिंतीवर एक काडीसारखी बाई मोठा गाऊन ताणून उभी होती आणि शेजारी नुसता तपकिरी पुठ्ठा होता.

"ऐकलंत ना सगळ्यांनी," ताई म्हणाली. "हे खोटं आहे. ही बाई कधी जाड नव्हती आणि मी कधी बारीक झाले नाही. इथे कुणीच बारीक झालेलं नाही."

कुणी उठलं नाही.

तिला वाटलं ऐकू गेलं नसेल. म्हणून पुन्हा सांगणार होती, तेवढ्यात लग्न ठरलेली मुलगी मागोमाग बाहेर आलेल्या धाकटीला हळूच म्हणाली, "मग आता आत माझा नंबर ना?" टॅक्सीवाल्याने ताईला जाता यावं म्हणून पाय बाजूला घेतले. अगदी अदबीने. "काकू, आमची अर्धी गोळ्यांची बाटली अजून शिल्लक आहे," तो खाली बघत म्हणाला, जणू त्याने कुणाला तरी शब्द दिला होता.

फोटो बघून ताई हादरली होती. पण तिथून पाठ फिरवली ती आत्ता. कठडा धरून ती तीन पायऱ्या उतरली आणि थांबली. मागून चपलांचा आवाज आला. धाकटी. डबा कुठेतरी टाकून आली होती. तिने ताईची दुसरी बाजू धरली. ताईने हात झटकला नाही. तो राग घरी जाऊन काढायचा होता, सावकाश, पुरवून पुरवून. आत्ता खाली उतरायचं होतं.

"आता कुठे?" धाकटीने विचारलं.

"गुडघेवाल्याच्या हॉस्पिटलात. खाली वजनाचा विभाग आहे म्हणाला होता."

"तिथे फार वेळ लागतो गं. रांगा असतात. कुणाला तरी विचारून..."

"तिथे आपल्या ओळखीचं कोणी आहे?"

धाकटीने विचार केला. "नाही. कुणीच नाही."

"मग चल," ताई म्हणाली, आणि पुढच्या पायरीवर आधी दुखरा पाय ठेवला.