न धावण्याचा दिवस

"मॅम, जो आदमी रोज दौडता है, वो एक दिन ना दौडे तो मर जाएगा क्या?"

देविकाने माइक हातात धरून विचारलं आणि अख्खं सभागृह खो खो हसत सुटलं. मागच्या रांगेत अनुष्काने तोंडावर हात दाबला. पैज तिचीच होती. विचारून दाखव, मग मानते तुला, असं ती मधल्या सुट्टीत म्हणाली होती आणि देविका हल्ली पैज सोडत नसे. हजेरीला 'येस मॅम' म्हणतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, ती मुलगी शाळांच्या झोनल शर्यतीत दुसरी आल्यापासून शाळेच्या कॉरिडॉरमधून मधोमध चालायला लागली होती.

खेळाडूंच्या दुखण्यांवर बोलायला आलेल्या डॉक्टर मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"कौन कहता है ऐसा?"

"मेरी एक फ्रेंड के पापा."

अनुष्का आता बाकाखालीच गेली. ते पापा देविकाचेच, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"उनसे कहना," मॅडम म्हणाल्या, "दौडने से शरीर थोडा-थोडा टूटता है. जुडता है आराम के दिन. जो आराम ही नहीं करता, वो जुडेगा कब?"

टाळ्या पडल्या. देविका ऐटीत खाली बसणार, एवढ्यात मॅडमनी तिला बोटाने खूण केली. व्याख्यान संपल्यावर भेट. भेटली, तर त्या म्हणाल्या, सवाल पूछते वक्त सारा वजन बाएँ पैर पे क्यों था? आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी तिच्या उजव्या नडगीवरून अंगठा फिरवत आणला. एका जागी, फक्त एकाच जागी, तो दाबला गेला आणि देविकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"एक्स-रे निकलवाओ. तब तक दौडना बंद. आज ही मम्मी को बताओगी. प्रॉमिस?"

देविकाने प्रॉमिस केलं आणि दिल्लीतल्या मलकागंजला घर येईपर्यंत, ई-रिक्षातल्या ई-रिक्षात, ते गिळूनही टाकलं.

सांगणार कसं? गेल्या वर्षी बाबांना, म्हणजे विश्वासरावांना, हार्ट अटॅक आला तेव्हापासून घरात एक ठरून गेलं होतं. बाबा सकाळी रिजच्या टेकडीवर फिरायला जाणार आणि देविका त्यांच्याबरोबर जाणार. तिच्या ट्रॅक पँटच्या खिशात फोन आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी. आई म्हणायची, "तू असतेस बरोबर म्हणून मी इथे डबे भरते. नाहीतर बाल्कनीतच उभी राहिले असते." पाय प्लॅस्टरमध्ये गेला, तर बाबांबरोबर कोण जाणार? आणि बाबा थांबणारे नव्हतेच. डॉक्टरांनी चाला म्हटलं होतं. बाबा चालले, मग झपझप चालले, मग पळायलाच लागले. करोल बागेतल्या विम्याच्या ऑफिसात आयुष्यभर खुर्चीला चिकटलेला माणूस. पण दिवाळीनंतर धुरात समोरचं झाड दिसेना तेव्हाही तो पळाला. पुण्याला चुलतबहिणीचं लग्न होतं, तर मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये पळाला. वऱ्हाडी चहाचे कप घेऊन बघत होते. नातेवाइकांत कौतुकच कौतुक. विश्वासला शिस्त लागली हो, म्हणायचे सगळे.

रात्रभर देविका कूस बदलत राहिली. शनिवारी सकाळी मुकाट्याने बूट घातले.

रिजवर धुकं होतं. हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूने वर चढलं की कठड्यावर माकडं अंग चोरून बसलेली असतात, ती तशीच बसली होती. देविका पुढे, बाबा मागे. प्रत्येक पावलाला नडगीत सुई टोचत होती. ती मनात म्हणत होती, त्या वळणापर्यंत. मग, त्या खांबापर्यंत.

"थांब गं. लेस सुटली."

बाबा खाली वाकले. देविकाला हायसं वाटलं. तिने उजवा पाय अलगद उचलून धरला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा लेस. बरंच झालं, असं तिच्या मनात आलं आणि तिसऱ्यांदा बाबा वाकले, तेव्हा तिने सहज मागे वळून पाहिलं. लेसला घट्ट दुहेरी गाठ होती. बाबांची बोटं गाठीवर नुसती टेकलेली होती. पाठ भात्यासारखी वरखाली होत होती आणि एवढ्या थंडीत ओठांवर घाम होता.

तिने खिशातून पट्टी काढली.

"छातीत दुखतंय?"

"नाही गं. ठेव ती. नुसता दम लागतो."

"बसा इथे."

"बसायचं नाही."

"बाबा, बसा ना प्लीज."

ते कठड्याला धरून उभेच राहिले. म्हणाले, "आधी शेवटच्या फेरीला लागायचा. हल्ली पहिल्याच चढाला लागतो."

"आईला सांगितलंत?"

"तू सांगितलंस? पायाचं?"

देविकाने उचललेला पाय पटकन खाली टेकवला.

"मी मागे असतो ना तुझ्या. वाकडी पळतेस तू. किती दिवस बघतोय."

"मग बोलला का नाहीत?"

बाबा कठड्यावरच्या माकडांकडे बघत राहिले. तिच्याकडे बघवेना त्यांना.

"तू थांबलीस, की तुझी आई मलाही थांबवणार. म्हणून."

देविकाला राग यायला हवा होता. आलाही. पण पुढचं वाक्य बाबा इतक्या हळू बोलले, की तिला जवळ जावं लागलं.

"अटॅक आला तेव्हा मी काय करत होतो, माहितीये? काही नाही. रविवार होता. जेवलो आणि दिवाणावर पडलो. ना पळत होतो, ना जिना चढत होतो, ना कुणाशी भांडत होतो. नुसता पडलो होतो, आणि ते आलं."

बाबा सुट्टीच्या दिवशीही दुपारी लवंडत नाहीत. उभ्यानेच पेपर वाचतात, नाहीतर कपाटं आवरत बसतात. तिला वाटायचं, उत्साह आहे. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

परतताना दोघं चालत आले. तीही लंगडणं लपवत नव्हती, तेही धापा लपवत नव्हते. मध्ये मध्ये थांबत, उतारावर ती त्यांच्या दंडाला धरून.

आई थालीपीठ उलटत होती. "आज लवकर? अच्छा, धुकं फार होतं का?"

काल भर सभागृहात फुटलेला आवाज देविकाला सापडेना. हो म्हटलं असतं, तर निभलं असतं. बाबा खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून उभे होते आणि तिच्याकडे बघत नव्हते.

"आई, माझ्या नडगीचं हाड दुखतंय. शाळेत आलेल्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे काढायला सांगितलाय. आणि बाबांना पहिल्याच चढावर दम लागतो. त्यांनी सांगितलं नाही, मीही माझं सांगितलं नाही."

आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. गॅस बंद केला. ओरडेल असं वाटलं होतं, पण तिने ओले हात पदराला पुसले आणि फोन उचलला.

"डॉक्टरांना लावते. आत्ता जायचं. दोघांनीही."

"अगं सुखदा, एवढं काही..."

"तुम्ही बोलू नका सध्या." नंबर लावताना तिचं बोट दोनदा चुकलं.

फोन पलीकडे वाजत होता. बाबा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आणि उद्या? उद्या रविवार आहे. मी नुसता घरी बसून काय करू?"

देविकाने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला.

"उद्या मी धावणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीही नाही, बाबा. डॉक्टरांनी घरी पाठवलं, तर जेवून दिवाणावर झोपायचं. तुम्ही उठेपर्यंत मी शेजारी बसणार आहे."