येळवशीची बाटली

येळवस, म्हंजी येळ आमुशा, आमच्या माकणीकडं मोठा सण. रानात कडब्याची कोप करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे अन् आंबील-भज्जी खाऊन दिवसभर ज्वारीत पडायचं. हिंमतराव मालकांच्या रानात त्या दिवशी किनवटच्या सोयऱ्यांकडची मोहाची दारू यायची. दूधवाला, लाईनमन, वर्सभर ज्यानं ज्यानं कामाला हातभार लावला त्याला मालक एकेक बाटली द्यायचे. बाकीच्यांनी ती खुशाल घरी न्यावी. सालगड्यानं मात्र पहिला घोट मालकांसमोर घ्यायचा. घेतला की पुढच्या साली ऱ्हाणार, न्हाय घेतला की काम सोडून चालला, अशी त्या घरची रीत.

म्या महांतप्पा, त्या घरचा सालगडी. केस हितंच पिकले. अन् दारू म्या सोडलीय. लेक सृष्टी बाळंतपणाला आली ती बजावूनच. "आप्पा, वास आला तर आल्या पावली सासरी जाईन." माझीच लेक ती, बोलली म्हंजी बोलली.

मालकांना सांगितलं होतं. पण त्यांच्या डोक्यात आता काहीच टिकत न्हाय.

औंदा येळवशीला धुकं लई होतं. तेरणा नदीकडचं रान दिसंना, माणसं बोलली तरी लांबून बोलल्यावानी वाटायची. मालकांनी बूच काढलं अन् मोहाचा वास त्या धुक्यात पसरला. अहाहा! खोटं कशाला बोलू, माझा जीव तिकडं लई वढला. कोपीच्या तोंडाशी सृष्टी पोटावर हात ठेवून बसली होती, माझ्याकडंच बघत.

"घे, महांतप्पा."

"मालक, म्या सोडलीय."

"म्हंजी चाललास?" त्यांचे डोळे भरले.

"कुठं जातोय? हितंच हाय की!"

मालकीणबाई, लक्ष्मीबाई, हळूच म्हणल्या, "ओठाला लाव नुसती. त्यांच्या काय ध्यानात ऱ्हातंय?"

मला राग आला. "त्यांच्या न्हाय ऱ्हाणार, बाई. माझ्या ऱ्हाईल."

जरा येळ गेला की मालक पुन्यांदा बाटली घेऊन हजर. "तुझा घोट ऱ्हायला की रं!" म्या न्हाय म्हणायचो, ते पुन्यांदा रडायचे, नव्यानं ऐकल्यावानी. आंबील झाली, लोक निवांत आडवे झाले, तरी तेच. देवा, एका माणसाला दिवसभर किती रडवायचं? आता घेतो एक घोट अन् सोडवतो त्यांना, असं मनात आलं. खरंच आलं. दिवस कलायला लागला तवा म्या हात पुढं केला अन् बाटली धरली.

सृष्टी उठून उभी ऱ्हायली.

पण मालकांनी बाटली सोडली न्हाय. माझ्या हातावर त्यांनी दुसरा हात ठिवला. "महांतप्पा, तू गेलास तर मला घरी कोण नेईल? मला आता वाट सापडत न्हाय रं."

आयला! दिवसभर हा जीव ह्याच भ्यानं रडत होता व्हय! म्या बाटली त्यांच्या हातातनं काढून खाली ठिवली अन् हात धरला. "म्या नेईन, मालक."

"उद्या?"

"उद्याबी."

सृष्टीनं पुढं येऊन त्यांचा दुसरा हात धरला. तिच्या डोळ्यातनं पाणी गळत होतं अन् तोंडानं मला "लई रडवता ओ आप्पा" म्हणून बोलत होती. ओल्या ज्वारीतनं आमी तिघं हळूहळू निघालो. बांधावर मालक थांबले.

"महांतप्पा, प्यालास का रं?"

"न्हाय, मालक."

"बरं केलंस," ते म्हणले. "आपल्या दोघांत एकाला तरी वाट दिसाय पायजे."