गळाभेटीचा वास

कीर्तन संपलं की आमच्याकडे गळाभेट होते. हमाल असो की वकील, जो समोर येईल त्याला उराशी धरायचं आणि त्याच्या पाया पडायचं. त्या घटकेला माणसात पांडुरंग भेटतो म्हणतात, आणि ते खरंच आहे. पंचवटीतल्या हरिरंग सेवा मंडळाच्या नानांनी यंदा या भेटीला नाक लावलं.

हेतू चांगलाच होता. सप्ताहाचा मांडव, अन्नछत्र, घाटाकडची गल्ली, सगळं धूरमुक्त करायचं. विडी नको, सिगारेट नको, पोरांची ती वाफेची नळीही नको. टाळकरी, विणेकरी, सगळ्यांनी तुळशीच्या माळेला हात लावून शपथ घेतली.

"आणि ऐका," नाना म्हणाले, "विडी ओढणारा, विकणारा, वळणारा, तिघंही मांडवाबाहेर!"

"ओढलेली कळणार कशी?" कुणीतरी विचारलं.

"गळाभेट घ्यायची आणि श्वास ओढायचा. देवाच्या दारात वास लपत नसतो."

सगळे हसले. वावगं कुणालाच वाटलं नाही.

पखवाजवाल्या चिमाजींनी त्या दिवसापासून विडीला बोट लावलं नाही. तलफ आली की पखवाजाच्या पुडीला लावायची कणीक घ्यायचे आणि मळत बसायचे. छातीत घरघर होती, बोटं आखडत चालली होती. "एवढा काला वाजवू दे पांडुरंगा," म्हणायचे, "पुढल्या साली हात चालंल का नाय, तुलाच ठावं."

पण घर एका खोलीचं. त्यांची बायको सरुबाई तिथंच विड्या वळायची. मांडीवरच्या सुपात तंबाखू, आणि डोक्यावर दोरीला वाळत घातलेले चिमाजींचे सदरे. मंडळाला तिनं सांगितलं होतं, "मी शिवणकाम करते." नाहीतर बायकांच्या भजनातली तिची जागा गेली असती.

काल्याच्या आदल्या दिवशी गळाभेटीच्या रांगेत नानांनी चिमाजींना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. एवढी माया पाहून चिमाजींनी डोळे मिटले.

"ओढली!" नाना मागे सरकले. "तंबाखूचा भपकारा येतोय!"

"नाय हो नाना. माळेची आन."

"ती तर मोडलीत. आता दुसरी कुठली घेणार?"

"चिमाजीबुवा, पखवाजात लपवता का?" एक टाळकरी ओरडला. हशा झाला. बायकांच्या भजनातल्या अनसूयाबाईंनी पदर नाकाला लावला. "मेलं, भजनाला बसायचं की धुराड्यात?"

"वास घरचाय," चिमाजी म्हणाले, "आमच्या घरी..."

समोर बायकांत सरुबाई बसली होती.

रांगेत मागे नानांचा पुतण्या मयुरेश होता. तोही पखवाज शिकत होता. नानांनी त्याला छातीशी धरलं. "वा! आंब्याचा घमघमाट! शिका जरा पोराकडून." मयुरेशच्या खिशातली वाफेची नळी अजून कोमट होती.

पांगापांग झाल्यावर नानांनी चिमाजींना बाजूला घेतलं. "असं करा. सकाळी माईकवर कबूल करा. चार लोकांना धडा मिळेल. कबूल करणाऱ्याला देव टाकत नाही. मग बसा काल्याला."

वाजवणाऱ्याच्या तोंडी 'बसणं' म्हणजे साथीला बसणं. चिमाजींना रात्री झोप लागली नाही. देवापुढं खोटं बोलायचं होतं, पण देवासाठीच वाजवायचं होतं.

सकाळी मांडव भरला. काल्याच्या कीर्तनाला निफाडचे बुवा आले. चिमाजी माईकपाशी गेले आणि मूर्तीकडे न बघता म्हणाले, "मी शपथ मोडली. विडी वढली."

टाळ्या पडल्या. नानांचे डोळे भरून आले. चिमाजी पखवाजाकडे वळले, तर तिथं मयुरेश मांडी घालून बसलेला.

"नाना, तुम्ही म्हनला व्हता, बसा."

"बसा ना! बाहेर चपलांपाशी बसून ऐका. शपथ मोडलेला हात पखवाजाला कसा लावू देऊ? आता तर तुम्हीच सांगितलंत सगळ्यांना."

बुवांनी नानांच्या बोलण्याला मान डोलावली. माईकवर ऐकलं एवढंच त्यांना ठाऊक होतं.

चिमाजी बाहेर येऊन बसले. मागोमाग सरुबाई आली.

"मी सांगायला उठलेच व्हते," ती म्हणाली. "म्हननार व्हते, विड्या मी वळते, वास माझ्या कामाचाय. मला काढा, पन यांना बसू द्या. अन् तेवढ्यात तुम्ही बोलला. मला चोरून वढत व्हता?"

"सरू, नाय वढली. विठ्ठलाची शपथ, नाय."

"मंग आत कोन बोललं?"

"मीच. वाजवायला मिळंल म्हनून."

"देवाम्होरं बोलला ते खोटं, अन् चपलांत बसून बोलता ते खरं? कुनाला सांगता?"

आत पखवाजावर थाप पडली. बोल चुकला होता. चिमाजींचा हात गुडघ्यावर आपसूक दुरुस्त बोल वाजवू लागला. तो हात सरुबाईनं पाहिला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती शिवणकाम करणारी म्हणूनच आत जाऊन बायकांत बसली.