घंटामावशींचा नंबर

“सासूला एकटीला दवाखान्यात पाठवू नकोस गं,” शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. मला वाटलं, यांना दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची सवयच आहे. माझं बाळ अंगावर पिणारं, नवरा कामावर. आणि आई काही अगदीच म्हाताऱ्या नव्हत्या. सगळा जन्म शाळेत शिपाई म्हणून काढलेला. पोरं त्यांना घंटामावशी म्हणत. फाटकाशी उभं राहून आधी लेकरं आत घ्यायची, मग आपण जायचं, हा त्यांचा शिरस्ता.

खोकला जाईना म्हणून रोज दवाखान्यात जायच्या. आल्या की म्हणायच्या, “गर्दी होती. उद्या बोलावलंय.” कधी डॉक्टर मीटिंगला, कधी मशीन बंद. सरकारी कारभार तो, म्हणून मीही मान डोलवायची.

मग आज सकाळी त्यांच्या चपलेचा पट्टा लागेना. मी पाऊल दाबून बघितलं. बोटाचा खड्डा पडला, तो भरून येईना.

“कधीपासून हे?”

“वय झालं की पाय जड होतातच गं,” म्हणून हसल्या, आणि तेवढ्या हसण्यानेही त्यांना धाप लागली. ओठ निळसर दिसत होते. बाळाला कडेवर घेतलं आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात निघाले.

रांग पार जिन्यापर्यंत.

“डॉक्टर यायचेत,” दारावरचा शिपाई म्हणाला.

“कधी?”

“आले की.”

“इथं माणूस आधी बरा होतो, मग त्याचा नंबर लागतो,” पुढचे आजोबा म्हणाले.

“नाहीतर वरचा नंबर लागतो!” मागून कुणीतरी. सगळे हसले. मी आईंचा श्वास ऐकत होते.

दुपारी नंबर पुकारले जाऊ लागले. बाळ रडायला लागलं म्हणून मी आडोशाला पाजायला गेले. येऊन बघते तर आई बाकावरच, आणि एक बाई तापलेलं पोर घेऊन आत चाललेली.

“आई! आपला नंबर होता ना?”

“अगं, फणफणलंय तिचं लेकरू. आपण काय, बसूनच तर आहोत.”

“रोज असंच करत होता?”

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहराच बदलला.

“फुप्फुसात पाणी भरलंय. इतके दिवस होता कुठे?”

“इथेच. बाहेर बाकावर,” आई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, विचारलं, सांगितलं.

ताबडतोब वॉर्डात जायचं होतं. चाकाची खुर्ची एकच, ती वर गेलेली. भिंत धरत धरत आम्ही वॉर्डाच्या दाराशी पोचलो, तर रखवालदार आडवा.

“बाळ आत चालणार नाही.”

“अहो, मग त्यांच्याबरोबर कोण?”

“सिस्टर आहेत ना.”

नवऱ्याला फोन केला. “साहेब सोडत नाहीयेत गं. निघतोच.” त्यालाही बराच वेळ झाला.

मी बाहेरच आहे. दार उघडलं की आत दिसतो आणखी एक बाक, खाटेसाठी आणखी एक रांग. मघाशी दिसलं, कुणीतरी कण्हत आलं आणि आई सरकून उठायला लागल्या. तेवढ्यात दार लागलं.

तुम्ही आत चाललाच आहात, तर जरा बघाल का? करडा स्वेटर, पाय सुजलेले. बऱ्या आहात का, असं विचारू नका, हो म्हणतील. नंबर पुकारला की फक्त दंडाला धरून उभं करा.