पालकांनी गुडघ्यावर बसावे

उज्ज्वलाबाईंनी गंगापूर रोडला एकतीस वर्षं बालवाडी चालवली, पण संमेलनातला एकही नाच त्यांना शेवटपर्यंत बघायला मिळाला नाही. खोटं वाटेल, पण खरं आहे. नाच सुरू झाला रे झाला, की पालक आधी कॅमेरे आणि पुढे फोन घेऊन उठायचे. पुढचा उठला म्हणून मागचा उठायचा, आणि त्याच्या मागची बाई सरळ खुर्चीवर चढायची. गेल्या वर्षी तर एका बाबांनी पडदाच ओढून खाली आणला, आणि वर म्हणतात कसे, "सॉरी बाई, झूम होत नव्हतं!" पोरं घाबरून भोकाड पसरायची, गाणं बंद करावं लागायचं. आणि एवढा धुडगूस घालून फोटोत काय, तर कुणाच्या तरी काकांची पाठ!

पोरांना मात्र बाईंची शिस्त अंगवळणी पडली होती. सुटीचा नियम घ्या ना. न्यायला आलेल्या माणसाने फाटकाशी गुडघ्यावर बसायचं, हात पुढे करायचा. मुलाने आपल्या माणसाचं तोंड नीट बघायचं, ओळखायचं, आणि मगच धावत सुटायचं. कुणी बसलं नाही, तर जागचं हलायचं नाही. या नियमामुळे एकही पोर कधी भलत्याच्या हाती गेलं नाही.

यंदाचं संमेलन शेवटचं होतं. बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, डॉक्टरांनी खाली बसायची सक्त मनाई केली होती, आणि एप्रिलपासून बालवाडीला कुलूप लागणार होतं. बाई येईल त्याला सांगायच्या, "मला एक नाच पुरता बघायचाय हो. फक्त एक."

ओरडून हे पालक ऐकणाऱ्यातले नाहीत, हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी गळ टाकला. फाटकावर पाटी लावली : 'मुलांचे फोटो चांगले कसे काढावेत? मोफत वर्ग. शनिवारी.' एरवी पालकसभेला सात टाळकी जमतात. शनिवारी चपला ठेवायला जागा उरली नाही!

शिकवायला हर्षल आला होता, बाईंचाच जुना विद्यार्थी. आता तो लग्नांचे फोटो काढतो. बाईंनी त्याला आधीच दम भरला होता, "काय वाट्टेल ते शिकव, पण त्यांना खाली बसव."

"उभ्याने फोटो काढलात, की लेकराचं डोकं भोपळ्याएवढं आणि पाय काडीएवढे येतात," हर्षल म्हणाला. "त्याच्या उंचीवर या. बसा गुडघ्यावर!"

पालक बसले. कुणाचे गुडघे वाजले, तर एका बाबांची पँट अशा ठिकाणी उसवली, की उरलेला वर्ग ते भिंतीला पाठ लावूनच शिकले.

"आता फोन तोंडासमोरून काढा, छातीशी धरा. मूल फोनकडे बघून हसत नाही, तुमच्याकडे बघून हसतं. आणि 'हस, हस' म्हणून त्याचा जीव खाऊ नका. दुसरा हात नुसता पुढे करा, बघा कसं खुलतं ते."

बाई खुर्चीत बसून खूश होत होत्या. बालवाडीच्या मावशी, अंबूबाई, दारातून हे सगळं बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, हे मी कुठंतरी बघितलंय. पण आठवत नाय."

"मग गप्प बसा," बाई म्हणाल्या.

संमेलनाच्या संध्याकाळी अंगणात वीतभर उंचीचं स्टेज मांडलं होतं. यंदा नाच एकच होता, शेवटी, द्राक्षांचा. बावीस पोरं, प्रत्येकाच्या अंगावर हिरवे फुगे. कडेला सगळ्यात लहान योगिनी. तिची आई तृप्ती अंबडच्या कंपनीतून सुटून यायची होती, आणि अजून पोचली नव्हती.

गाणं सुरू झालं. एक पालक उभा राहील तर शपथ! पहिलं कडवं पार पडलं आणि बाईंचे डोळे भरून आले. दुसरं कडवं लागलं, हर्षलने कोपऱ्यातून फोटोची खूण केली, आणि सगळे पालक शहाण्यासारखे पुढे सरकून गुडघ्यावर बसले. फोन छातीशी, एक हात पुढे, डोळे लेकरांवर.

अंबूबाईंनी कपाळावर हात मारला. "बाई, आठवलं! सुटी!"

पण उशीर झाला होता. एकवीस द्राक्षांनी आपापली माणसं नीट बघितली, ओळखली, आणि नाच तिथेच टाकून ती स्टेजवरून आयाबापांच्या अंगावर धावत सुटली. फटाफट फुगे फुटले, फोन उडाले, एक आजोबा तर आडवेच झाले. बाईंना हसावं की रडावं कळेना. पोरांचं काय चुकलं होतं? बाईंनीच तर शिकवलं होतं.

स्टेजवर एकटी योगिनी उरली. तिने समोर बघितलं. तिच्यासाठी कुणीच बसलं नव्हतं. म्हणजे तिची सुटी झाली नव्हती. मग ती नाचत राहिली. गिरकी घेतली, वाकली, टाळ्या वाजवल्या, एक गिरकी उलटी घेतली, पण तिसरं कडवं केलं, चौथंही केलं. गाणं संपलं तेव्हा शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात वर करून उभी राहिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी एक नाच पुरता बघितला.

हात वरच होते, पण आता पोरीचा ओठ थरथरायला लागला. नियम म्हणजे नियम, ती काही हलेना.

बाई उठल्या. "गेला खड्ड्यात डॉक्टर," म्हणत त्यांनी एक गुडघा टेकला, "आई गं," म्हणत दुसरा टेकला, आणि हात पुढे केला. योगिनी धावत येऊन त्यांना बिलगली. दोन फुगे फुटले. हर्षलने तेवढ्यात फोटो काढला. त्या दिवसाचा तेवढा एकच फोटो धड आला.

आता बाईंना उठता येईना. दोन बाबांनी ओढून बघितलं, उपयोग झाला नाही. तेवढ्यात तृप्ती धापा टाकत फाटकातून आली आणि सवयीने तिथेच गुडघ्यावर बसली. योगिनीने तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं.

"थांब गं आई," ती म्हणाली. "बाईंना न्यायला अजून कुणीच नाही आलं."

अंबूबाईंनी पदराने डोळे पुसले, "कोण म्हणतं? मी आलीय की!" म्हणाल्या आणि बाईंच्या समोर गुडघ्यावर बसल्या.

मग पंचाईत अशी झाली, की दोघींना उठवायचं होतं.