गळ नको

“गळ टाक अन् वढ वर! काहून टाइम घालवून राहिला?” वैजनाथने विहिरीच्या काठावर पडलेल्या जुन्या गळाकडे बोट दाखवत दम भरला. त्याची बायको रुपा कालपासून तळाशी होती. पाय घसरून पडली, असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं.

“गळ बंद झाला, पाटील. आता आमी खाली जाऊन हातानं काढतो.” अमरसिंगने पाठीवर हवेचं सिलिंडर चढवलं.

“इतकी वर्षं गळानंच माणसं वढली ना तू? पोलिसांच्या शिबिराला गेला अन् साहेब झाला व्हय!”

काहीजण हसले. पोलीस जमादार पंचनामा लिहीत होता.

सेनगाव भागात कुणी बुडालं की पोलीस तांड्यावरून अमरसिंगला बोलावत. तीन काट्यांचा त्याचा लोखंडी गळ गालात, काखेत, पोटात, लागेल तिथे रुतायचा. जखमांतलं रक्त पाण्यात धुऊन जायचं. मग कुऱ्हाडीची जखम कोणती आणि गळाची कोणती, हे सांगणं अवघड. एका खटल्यात आरोपी त्यावरच सुटला होता.

तळाशी गाळामुळे काही दिसत नव्हतं. चाचपताना आधी लुगडं लागलं, मग केस. डोक्याच्या मागे त्याची बोटं आत गेली. कवटी फुटलेली होती. उजवी मूठ घट्ट वळलेली होती. आतलं काही धुऊन जाऊ नये म्हणून त्याने त्या मुठीवर पिशवी बांधली, देह मोठ्या पिशवीत सरकवला आणि चेन ओढली.

तेवढ्यात वरून गळ आला.

पहिला हिसका त्याच्या खांद्यात बसला. काटा मांस फाडत हाडाला अडकला. सुटला असता तर पिशवीवरच गेला असता. अमरसिंगने तो तसाच रुतू दिला, पिशवीवर आडवा झाला आणि कमरेच्या चाकूने दोर कापला.

तो वर आला तेव्हा जमादाराने वैजनाथचं तोंड मातीत दाबून धरलं होतं.

“मदत करून राहिलो होतो, साहेब!” वैजनाथ ओरडत होता.

रुपाची आई आशाबाई पिशवीजवळ आली. तिने वरूनच हात फिरवला.

“दादा, काढताना माझ्या लेकराला लागलं तर न्हाई ना?”

काटा अजून खांद्यातच होता.

“न्हाई माय. काढताना एक ओरखडासुदिक न्हाई.”

कोपरावरून गळणारं रक्त पिशवीवर पडू नये म्हणून तो दोन पावलं मागे सरला.