लेकीचं पाणी

आम्रपालीने डाळीचं पातेलं नळाखाली धरलं, तोच घरमालकीण पुतळाबाईंनी तिचं मनगट पकडलं.

"अगं, इहिरीच्या पाण्यात डाळ शिजती व्हय? जारचं घे की."

पुतळाबाईंच्या लेकीची, हर्षालीची सुपारी फुटायची होती, म्हणून त्यांच्या घरात स्वयंपाकाची धांदल. आम्रपाली चाळीतली भाडेकरू, पण मालक कोंडीराम तिला लेकच म्हणत. लातूरकडच्या टँकरच्या रांगा सोडून ती चाकणला आली, तेव्हा त्यांनीच तिला पाणथळीतली विहीर दाखवली होती. भर मे महिन्यात, पाणकणसांच्या मधोमध, काठोकाठ भरलेली. चाळीलाही तिचंच पाणी.

"पी पोरी, अमृत हाय," ते म्हणाले होते, आणि ती ओंजळीने पोटभर प्याली होती.

मग घरी डाळ शिजेना. तिने कुकरला दोष दिला, वाण्याशी भांडली, नवऱ्याची बोलणी खाल्ली. धाकट्या सायलीचं पोट सारखं दुखायचं, तर बाहेरचं अरबटचरबट खाते म्हणून तिलाच धपाटे घातले. अमृतावर कोण संशय घेतो?

"तुम्ही कधीपासून जारचं पिता, मावशी?"

"वरच्या कंपन्यांचं पाणी मुरतंय न्हाई का पाणथळीत. तू यायच्या आदीच यांनी तपासून आणलं. तवापासनं आमी थेंब तोंडात घेत न्हाई. का, यांनी सांगितलं न्हाई तुला?"

बोलता बोलता पुतळाबाई थांबल्या आणि निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडू लागल्या.

आम्रपालीचे कान तापले. परक्याने फसवलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या. इथे नुसतं रडू येत होतं. तरी तिने डाळ शिजवली. जारच्या पाण्यात ती लोण्यासारखी झाली.

संध्याकाळी कोंडीराम लाडवांचा डबा घेऊन तिच्या दारात आले.

"लेकीचा वाटा."

तिने नळाच्या पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, पण तोंडाला लावलं नाही.

"आत्ताच पिऊन आलो, पोरी."

दरवेळी ते हेच म्हणायचे. तिला वाटायचं, माणूस भिडस्त आहे.

तेवढ्यात सायली खेळून धापा टाकत आली.

"आज्या, मला पाणी!"

कोंडीराम क्षणभर थबकले. मग भांडं तिच्या हातात देत म्हणाले, "घे, बाळ."

आम्रपालीने ते सायलीच्या ओठांपासून काढून घेतलं आणि पुन्हा त्यांच्यासमोर धरलं.

"आधी तुम्ही, बाबा."